अडकलेली सीडी

पुदिन्याच्या टूथपेस्टचा वास आला की मला अमरावतीची आमची कॉलेजच्या दिवसांतली खोली आठवते. आम्ही चौघी पोरी आमच्यातल्याच एकीच्या जुन्या कॉम्प्युटरवर एक टवाळ इंग्रजी सिनेमा बघत होतो. एका मुलीला मुली आवडतात, आणि तिला शहाणं करायला अख्खं गाव धावतं, असा. बाकीच्यांना इंग्रजी धड कळेना, म्हणून तेल्हाऱ्याची मैत्रीण प्रत्येक वाक्य वऱ्हाडीत सांगायची. त्या वर्षी तिच्या घरचा कापूस हातचा गेला होता, तरी तिनं आम्हाला हसवून हसवून लोळवलं. शेवटी नायिका आईसमोर उभी राहिली आणि सीडी अडकली. तेल्हाऱ्याच्या मैत्रिणीचा आवाज मात्र आला, "माय वं, मले पोरीच आवडतात." आम्ही खदखदलो, मग पडद्याकडं पाहिलं. नायिकेचं तोंड अजून मिटलेलंच होतं. तेल्हाऱ्याच्या मैत्रिणीचे डोळे भरले होते. आमच्यातली थोरली उठली, ओरखडे जावेत म्हणून सीडीवर बोटानं टूथपेस्ट फिरवून ती ओढणीनं पुसली, परत लावली आणि म्हणाली, "आता चालते. सांग वं, पुढं काय म्हनते ते पोरगी?" 'मले पोरीच आवडतात' हे वाक्य माझ्या आईला सांगायला मला पुढं बारा वर्षं लागली. सांगितलं ते त्या मैत्रिणीच्याच वऱ्हाडी शब्दांत.