अर्धी गोळी

मंगळवारी सकाळी मी आमच्या मांजरीला तापाची गोळी दिली. आई नळावर गेली होती. बाबा कंपनीत होते. मी गोळीचे चार तुकडे केले, एक तुकडा कुटला, दुधात कालवला आणि चमच्याने तिच्या तोंडात घातला. दुपारी आणखी एक तुकडा दिला. गुरुवारी ती मेली.

तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आम्ही मुलुंडला एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. बाबा आग्रा रोडवरच्या एका कारखान्यात फिटर होते. आई घरी असायची. ऐंशीनंतरची ती वर्षं. आजूबाजूचे कारखाने एकेक करून बंद पडायला लागले होते आणि बाबांचा चालू होता, एवढ्यावरच आम्ही स्वतःला सुखी समजत होतो.

मांजर आईची होती. एका दिवाळीच्या आधी ती जिन्यात आली आणि राहिली. आम्ही तिला नाव ठेवलं नाही. आई तिला 'बाय' म्हणायची, गावाकडे लहान मुलीला म्हणतात तशी. बाकी आम्हा सगळ्यांशी आई मुंबईचं मराठी बोलायची, पण मांजरीशी मात्र थेट मालवणी. कदाचित त्या घरात तिचं बोलणं न दुरुस्त करणारी ती एकटीच होती. शाळेत असताना मी आईच्या भाषेला हसत असे. त्याची आठवण आता नकोशी वाटते.

त्या आठवड्यात मांजरीने खाणं सोडलं. डोळ्यांतून पाणी यायचं, कान गरम लागायचे. ती चुलीच्या ओट्याखाली जाऊन बसली. आई वाटी पुढे सरकवून म्हणायची, "काय गो बाय, दूध पण नको तुका? रुसलंस माझ्यावर?"

रविवारी आईने बाबांपुढे विषय काढला. घाटकोपरला जनावरांचे एक डॉक्टर आहेत, असं तिने ऐकलं होतं. समोरच्या बिल्डिंगमधल्या कुणीतरी कुत्रा नेला होता. नुसते बघायचेच पंचवीस रुपये, औषध वेगळं.

"गावाक माणसांक डॉक्टर गावना नाय," बाबा म्हणाले, "आणि मांजराक डॉक्टर? पंचवीस रुपये? त्यापेक्षा मलाच ने. माझी पाठ किती दिवस दुखतेय."

"तुमच्या पाठीला कार्ड आहे," आई म्हणाली.

बाबा हसले, आईही हसली, आणि विषय तिथेच संपला. बाबा निर्दय नव्हते. आमच्या खोलीचं भाडं पंचवीस रुपये होतं. मांजरीला एकदा बघण्यासाठी महिन्याचं भाडं, हे त्यांच्या डोक्यात बसणंच शक्य नव्हतं.

कार्ड म्हणजे कामगार विम्याचं कार्ड. बाबांच्या पगारातून विम्याचे पैसे कापले जात आणि त्या बदल्यात आम्हा तिघांना विम्याच्या दवाखान्यात औषध फुकट मिळे. पण आमच्या कार्डावर अर्धी चाळ बरी होत असे. ज्यांचा कारखाना बंद झाला त्यांचं कार्डही बंद झालं होतं. मग शेजारच्या मुलाला खोकला झाला की आई दवाखान्यात जाऊन स्वतः खोकायची आणि बाटली भरून आणायची. मला ताप आल्याचं सांगून बाबांनी कुणाकुणाच्या तापाच्या गोळ्या आणल्या होत्या. यात काही खोटं आहे असं कुणाला वाटत नसे. औषध हे मीठ-साखरेसारखं होतं, ज्याला लागेल त्याला द्यायचं.

म्हणून सोमवारी कॉलेजातून येताना मी विम्याच्या दवाखान्याच्या रांगेत उभी राहिले. मनात मांजरीची लक्षणं नीट जुळवून ठेवली होती.

"काय होतंय?" डॉक्टरांनी केसपेपरवरून मान वर न करता विचारलं.

"तीन दिवस जेवण जात नाही. अंगात ताप आहे. डोळ्यांतून पाणी येतं."

त्यांनी माझी नाडी पाहिली. ताप नव्हता, पण रांग मोठी होती. त्यांनी काहीतरी लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली. खिडकीतला कंपाउंडर गोळ्यांची पुडी बांधताना म्हणाला, "जेवण जात नाही की वजन कमी करताय? कॉलेजवाल्यांचा काही भरवसा नाही."

मी लाजले. पुडी घेऊन घरी आले तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटत होता. वाचणारी मुलगी होते ना मी. उपाय शोधला होता. आईला सांगितलं नाही. मांजरीच्या बाबतीत तिचा अशा गोळ्यांवर विश्वास नव्हता, ती हळदीवर भागवत होती. मांजर उठून खायला लागली की मग सांगू, असं ठरवलं होतं.

बुधवारी सकाळी मांजरीचं तोंड सुजलं होतं. पंजेही. ती तोंड उघडं ठेवून श्वास घेत होती आणि तिच्या हिरड्यांचा रंग चहाच्या चोथ्यासारखा झाला होता. आईने डब्यातले पैसे काढले, कापडी पिशवीत जुनं लुगडं अंथरलं आणि मांजरीला आत ठेवलं. मला म्हणाली, "चल."

बसमध्ये मी देवाला एवढंच म्हणत होते, की ती ओरडू नये, नाहीतर उतरवतील. कंडक्टरने पिशवीकडे पाहून विचारलं, "काय आहे आत?"

"भाजी," आई म्हणाली.

तो पाहत राहिला. पिशवी वरखाली होत होती. "मावशी, तुमची भाजी श्वास घेतेय," तो म्हणाला आणि तिकिटं फाडून पुढे गेला. मांजर सबंध वाटेत एकदाही ओरडली नाही. तिच्यात तेवढाही जोर उरला नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

डॉक्टरांची खोली स्वच्छ होती. आमच्या आधी एक बाई पांढरा, झुपकेदार कुत्रा घेऊन बसली होती. त्याला फक्त नखं कापायला आणलं होतं. आमची पाळी आली. डॉक्टरांनी मांजरीचा ओठ वर केला, पाहिलं, आणि विचारलं, "काही वेगळं खायला घातलंत?"

"दूध-भात," आई म्हणाली. "दुसरं काय घालणार?"

"विषबाधा वाटते. आसपास कुणी उंदरांचं औषध ठेवतं का?"

आईने माझ्याकडे पाहिलं. "खालची," ती म्हणाली. "खालची ठेवते. भातात कालवून जिन्यात ठेवते ती."

खालच्या मजल्यावरच्या काकू आईच्या चाळीतल्या सर्वांत जवळच्या. दोघी एकत्र पापड लाटायच्या. मी बोलायला हवं होतं. मला गोळीची शंका आली नव्हती असं मी आजवर स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. पण ती आली होती. डॉक्टरांनी ओठ वर केला त्याच क्षणी आली होती. माझी जीभ उचलली नाही.

डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिलं. मग म्हणाले, ठेवून घ्यावं लागेल, सलाइन लावावं लागेल, दोन-तीन दिवस. दीडशेच्या आसपास खर्च येईल. आईने विचारलं, "यापेक्षा कमीत काही होणार नाही?"

"बाई, औषधाची किंमत मी ठरवत नाही," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच आईला पुढे भांडता आलं नाही. तिने आजचे पैसे दिले, मांजरीला उचललं आणि म्हणाली, "ह्यांना विचारून सांगते." विचारण्यासारखं काही नाही, हे आम्हा दोघींना आणि डॉक्टरांनाही माहीत होतं.

बसस्टॉपवर मी आईला रुमाल विसरल्याचं सांगितलं आणि परत गेले. दारातूनच डॉक्टरांना म्हणाले, "मी तिला तापाची गोळी दिली होती. माणसांची. दोन तुकडे, म्हणजे अर्धी."

त्यांनी हातातलं काम थांबवलं. "मांजराला ती पचत नाही," ते म्हणाले. "थोडीही नाही. कालच आणलं असतंत तर पोट रिकामं केलं असतं."

"आता?"

"आता ठेवून बघता येईल. खात्री देत नाही."

"ठेवायचे किती?"

"मघाशी सांगितलं तेवढेच."

मी उभी राहिले. माझ्याकडे परतीच्या बसचेही पैसे नव्हते, ते आईकडे होते. काय मागावं तेच मला सुचत नव्हतं. ते म्हणाले, "जा, आई वाट बघत असेल." दारापाशी मी विचारलं, "आईला सांगू?" ते म्हणाले, "ते मी कसं सांगणार?"

बाबांनी संध्याकाळी ऐकून घेतलं. शर्ट घातला आणि कंपनीतल्या कुणाकडे तरी पैसे मागायला गेले. परत आले ते रिकाम्या हातांनी. आल्यावर मांजरीजवळ उकिडवे बसले आणि तिच्या डोक्यावरून एक बोट फिरवलं. ते तिला कधी हात लावत नसत.

गुरुवारी दुपारी तिने आईच्या मांडीवर जीव सोडला. थोड्या वेळाने खालच्या काकू वर आल्या, कळलं म्हणून. दारातच आई त्यांना म्हणाली, "बघ. समाधान झालं?"

काकूंना आधी कळलंच नाही. कळल्यावर त्या म्हणाल्या, "अगं, यंदा मी औषध ठेवलंच नाही. देवाशपथ. मुलांना विचार माझ्या."

"तुझ्या मुलांना काय विचारू?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी दोघींच्या मध्ये चौकटीला टेकून उभी होते. त्यांना वाटलं असावं, ही शिकलेली आहे, ही तरी काही बोलेल. मी खाली पाहिलं. त्या जिना उतरून गेल्या. आई दार लावून म्हणाली, "तिच्या दारात परत पाय ठेवूचंय नाय मी."

तिने ते पाळलं. त्या वर्षीचे पापड आईने एकटीने लाटले. पुढे काकूंच्या मुलीचं लग्न झालं, पत्रिका आली, आई गेली नाही. मी जाते म्हटलं तर म्हणाली, "तुला काय, तुझी ती कोण होती?" काही वर्षांनी काकू डोंबिवलीच्या पुढे कुठेतरी राहायला गेल्या.

मी सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. लग्नाआधी एकदा केला. आई तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "आई, ती मांजर, बाय, तिला कदाचित विषबाधा नसेल झालेली." आईने सुपावरून मान वर केली. तिचा चेहरा इतका घाबरलेला दिसला, की मला कळलं, तिलाही कधीतरी ही शंका आली असणार. काकूंवर आपण अन्याय केला असेल, ही शंका. ते आता तिला पेलणार नव्हतं. मी म्हटलं, "म्हणजे आजारपणच असेल." ती म्हणाली, "असेल," आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.

बाबा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. आई गेल्या वर्षी गेली. काकूंचा पत्ता माझ्याकडे नाही. त्या आहेत की नाहीत, तेही माहीत नाही. मांजर कशाने मेली हे आता फक्त मला माहीत आहे.