ठंडी तार

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही — आणि माझी आई अशी की शाळेत नापास झालेला पेपर तिच्यापासून कधी एक दिवस लपला नाही. आता तुमच्यापुढे बसले आहे तर हाताला घाम सुटून राहिला. हसू नका. भीती वाटते म्हणजे खरंच वाटते.

आधी एक लहान गोष्ट कबूल करते, म्हणजे मोठीकडे जायला जरा धीर येईल. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेली बाई आहे आणि मला करंटची भीती वाटते. आमच्या नागपूरच्या पाचपावलीतल्या घरात लोखंडी कूलर होता. लहानपणी त्यानं एकदा असा झटका मारला की मी उडून थेट बाबांच्या मागाच्या खड्ड्यात पडले. बाबा विणकर, माग केव्हाच विकला होता, खड्डा तेवढा उरला होता. तेव्हापासून पायात चप्पल असल्याशिवाय मी कूलरचं बटण दाबत नाही. मग डिप्लोमा काहून केला म्हणाल, तर मार्क तेवढेच होते बाप्पा, आणि त्याच ब्रँचला जागा होती.

नोकरीही तशीच लागली. सोसायट्यांमधल्या लिफ्ट, पाण्याच्या मोटरी, जिन्यातले दिवे दुरुस्त करणारी एक लहान कंपनी. मी ऑफिसात. कोटेशन बनवायचं, तक्रारीचा फोन घ्यायचा, मेकॅनिकला पाठवायचं. स्क्रू पिळायचा पेचकस मी कधी हातात धरला नाही आणि कोणी धरायलाही सांगितला नाही. चांगलं चाललं होतं.

मग लॉकडाऊनचा उन्हाळा आला. ऑफिस घरी आलं. साहेबांच्या डोक्यात आलं की मेकॅनिक लोकांकडे कामं कमी आहेत, तर त्यांना थोडी थिअरी शिकवावी. ‘हात चालतात त्यांचे, पण काय करून राहिले ते त्यांना माहीत नाही. ताई, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही घ्या क्लास.’ नाही म्हणता आलं असतं ना? एक साधं ‘नाही’. पण त्या दिवसांत घरोघरी नोकऱ्या जात होत्या, आणि साहेबांना नाही म्हणायला मी घाबरले. हीच माझी पहिली भीती. पुढच्या सगळ्या तिच्याच लेकी.

दिवाणाखालून जुनी पुस्तकं काढली. मागाचा खड्डा बुजवून जिथं फरशी बसवली होती, तिथंच स्टूल ठेवलं, त्यावर डाळीचा डबा, डब्याला टेकवून मोबाइल. क्लास सुरू झाला की कूलर बंद, कारण पलीकडून ओरड — ताई, आवाज नाई येऊन राहिला! नागपूरचा मे महिना आणि कूलर बंद. पदरानं घाम पुसत मी व्होल्टेज शिकवायची. व्होल्टेज म्हणजे गच्चीवरच्या टाकीची उंची, करंट म्हणजे नळातून येणारं पाणी. आणि खरं सांगू? मला मजा येऊ लागली. आदल्या दिवशी वाचायचं, दुसऱ्या दिवशी असं सांगायचं की जसं काही जन्मापासून माहीत आहे. ज्यांनी आयुष्यभर तारा जोडल्या ते लोक मला ‘मास्तरीनबाई’ म्हणू लागले. आई स्वयंपाकघरातून ऐकायची आणि शेजारणीला सांगायची, आमची पोरगी माणसांना शिकवते वं. मी फुगले. फुगले म्हणजे काय, हवेत होते.

त्या लोकांत रामेश्वरभाऊ होते. खापरखेड्याकडचे, वयानं माझ्याहून बरेच मोठे. कामाला पक्के, स्वभावानं भित्रे. भित्रे म्हणते ते चांगल्या अर्थानं. एक बल्ब बदलायचा असला तरी मीटरच्या खोलीत जाऊन मेन स्विच खाली पाडायचे, मगच हात लावायचे. बाकीचे चिडवायचे, भाऊ तं सेल टाकायच्या आधी टॉर्चची बी मेन बंद करते. मला ते जवळचे वाटायचे. माझ्यासारखाच आणखी एक घाबरट, असं मनातल्या मनात.

ज्या दिवशी मी दोन तारा शिकवल्या तो दिवस. फेज म्हणजे करंट आणणारी, न्यूट्रल म्हणजे तो परत नेणारी. मेकॅनिकांच्या बोलीत फेज म्हणजे गरम आणि न्यूट्रल म्हणजे ठंडी. मी तेच शब्द घेतले, कागदावर एक लाल रेघ काढली, एक काळी. लाल गरम, काळी ठंडी. ठंडीवर व्होल्टेज शून्य. पुस्तकात तसंच लिहिलं होतं — मी वाचलं होतं तेवढ्या पानावर तरी. रामेश्वरभाऊंनी विचारलं, ‘ताई, मंग ठंडीले हात लावला तं काई होत नाई ना?’

मला माहीत नव्हतं. एवढंच म्हणायचं होतं — पाहून सांगते भाऊ. पण सगळे पडद्यावरून माझ्याकडे पाहत होते, साहेबही त्या दिवशी येऊन बसले होते. मी ऐटीत म्हटलं, ‘काही होत नाही. ठंडी ते ठंडीच!’ सगळे हसले. साहेबांनी अंगठा दाखवला. ते वाक्य असं चाललं की दुसऱ्या दिवसापासून ग्रुपवर चहाच्या फोटोखालीही कोणीतरी लिहायचं, ठंडी ते ठंडीच.

इथं थांबले तर तुम्ही म्हणाल, चुकलं बिचारीचं, होते चूक माणसाकडून. मीही स्वतःला बरेच दिवस एवढंच सांगायची. पण तेवढंच नाही ते.

त्याच दिवशी दुपारी, पुढच्या क्लासची तयारी करताना, पान उलटलं आणि तिथं ते होतं. न्यूट्रल थंड असते ती जोडलेली असेपर्यंत. मेन चालू ठेवून ती तार मधूनच सोडली, तर फेजचा करंट दिव्यातून निघून त्या सुटलेल्या टोकात येऊन बसतो. मग ती ठंडी राहत नाही, गरमच होते. हात लावला तर जीव जाऊ शकतो. मी ते पुन्हा वाचलं. कूलर चालू होता तरी कानशिलं तापली. आईनं विचारलं, काहून वं, ताप आला का? मी म्हटलं, उन्हानं.

म्हणजे मला कळलं होतं. कळलं होतं, आणि काही व्हायच्या कितीतरी आधी कळलं होतं.

ग्रुपवर लिहायला घेतलं — आज क्लासमध्ये मी जे सांगितलं ते चूक आहे. पुसलं. परत लिहिलं. तेवढ्यात साहेबांचा मेसेज आला, ताईंच्या क्लासमुळे आपली टीम तयार होऊन राहिली, अभिनंदन. खाली हात जोडलेले, फुलं. आता त्याच्याखाली काय लिहायचं — मास्तरीन फेल झाली म्हणून? मनाशी म्हटलं, एवढी वर्षं कामं केलेली माणसं, त्यांना काय हे माहीत नसेल? माझ्या एका वाक्यानं ते आपली सवय सोडतील का? पुढच्या क्लासला मी बॅटरी शिकवली.

सवय सोडली एका माणसानं. ज्याची सवय सगळ्यांत पक्की होती त्यानंच.

उन्हाळा संपायच्या आत एका सोसायटीतून तक्रार आली, जिन्यातले दिवे लुकलुकतात. तो फोन मीच घेतला आणि रामेश्वरभाऊंना मीच पाठवलं. पुढचं त्यांच्यासोबत गेलेल्या मेकॅनिकनं सांगितलं. भाऊ नेहमीसारखे मेन पाडायला निघाले, तर वरून एक माणूस ओरडला — अहो लाइट बंद करू नका, मीटिंग सुरू आहे! घरोघरी ऑफिस उघडली होती ना तेव्हा, माझ्या घरी होतं तसंच. भाऊ थबकले. मग म्हणाले, राहू दे गा, ठंडीच ढिली हाय, ठंडीच काढाची हाय. स्टुलावर चढले. मेन चालूच. काळी तार सोडली आणि उघड्या टोकाला धरलं, दुसरा हात भिंतीवरच्या वायरिंगच्या लोखंडी पेटीवर.

हात चिकटला. सोबतच्यानं धावत जाऊन मेन पाडला तेव्हा भाऊ स्टुलावरून मागे कोसळले, डोकं फरशीवर. ते वाचले. उजव्या हाताची दोन बोटं जळून आखडली ती आखडलीच. हे ऐकताना मी घरातल्या त्या स्टुलापाशी उभी होते जिथं मी क्लास घ्यायची, आणि तुम्हाला शब्द न शब्द खरं सांगते — माझ्या मनात पहिला विचार भाऊंचा आला नाही. पहिला विचार आला, ते बोलले असतील का?

बोलले होते. शुद्धीवर आल्यावर बायकोला म्हणाले, ताईनं सांगितलं होतं ठंडीले काई होत नाई. दुसऱ्याच दिवशी साहेबांनी सगळ्यांना मोबाइलवर बोलावलं. ‘ताई, रामेश्वर असं म्हणून राहिला. तुम्ही असं सांगितलं होतं का?’

नोकरी गेली, पोलीस आले, आईच्या देखत मला घेऊन गेले, एवढं सगळं मला त्या एका क्षणात दिसलं. मी म्हटलं, ‘नाही साहेब. मेन बंद केल्याशिवाय कशालाच हात लावू नका, असं सांगितलं होतं मी.’

क्लासला बसलेले सगळे होते तिथं. एकाचाही आवाज आला नाही. त्यांना आठवत नव्हतं, की साहेबांपुढे तेही घाबरले, हे मला आजही माहीत नाही. त्यातल्या कोणाचा फोन आला की अजून मी लगेच उचलत नाही. साहेब हळहळून म्हणाले, ‘डोक्याला मार लागला बिचाऱ्याच्या. उलटंसुलटं आठवत असेल.’ आणि मी — ऐका, हे ऐका — मी म्हटलं, ‘हो साहेब, तसंच असेल.’

बस. तेवढ्यानं झालं. डॉक्टरही म्हणाले होते की अशा मारानं कधी आठवण मागेपुढे होते. मग सगळ्यांनी मिळून त्या माणसाला समजावलं की तुझं डोकं हललं आहे, आणि त्या भल्या माणसानं ते मानलं. दवाखान्यातून घरी आल्यावर मला फोन करून म्हणाले, ‘माफ करजा ताई, मी तुमचं नाव घेतलं. माह्या ध्यानातच नाई राहत आता.’ मी म्हटलं, आराम करा भाऊ.

त्यांना गोडाऊनमध्ये बसवलं. आधी मला वाटलं, बोटांमुळे. पण बोटांचं त्यांनी निभावलं असतं. टेस्टर तर डाव्या हातानंही धरता येतो. त्यांनी स्वतःच साहेबांना सांगितलं की मला तारेचं काम देऊ नका, माझा भरवसा नाही. बायको त्यांना गाडी चालवू देत नाही. गॅस बंद केला का, हे ते तीन तीनदा उठून पाहतात आणि तरी तिला विचारतात. नातेवाइकांत लग्नाची पत्रिका वाटायची असली तर घरचे दुसऱ्याला पाठवतात, हे विसरतील म्हणून. मी एकदा त्यांना मुद्दाम जुन्या जुन्या कामांचं विचारून पाहिलं. कोणत्या सोसायटीत कोणती मोटर, कोणत्या साली कोणता पट्टा बदलला — सगळं बरोबर. एक गोष्ट चुकली नाही. मी घाईनं फोन ठेवून दिला.

आणि मागच्याच महिन्यात नवीन मेकॅनिक आले म्हणून साहेबांनी परत क्लास लावला. आता मी आठवड्यातले काही दिवस घरूनच काम करते, म्हणून क्लास तसाच, मोबाइलवर. भाऊंचा फोन आला. मी पण बसू का ताई, मागं नीट ध्यान नव्हतं दिलं मी.

बसा, म्हटलं.

बसले. चष्मा लावून, बाजूला बायको. या वेळी मी सगळं बरोबर शिकवलं. सुटलेली न्यूट्रल कशी जीव घेते ते सावकाश, दोनदा सांगितलं. संपल्यावर बाकीचे निघून गेले आणि भाऊ तेवढे राहिले. आखडलेला हात वर करून, शाळेतल्या पोरासारखं, त्यांनी विचारलं, ‘हेच सांगतलं होतं ना ताई तुमी तवा? मी उलटंच आयकलं होतं ना?’

कोणी नव्हतं तिथं. साहेब नव्हते, पोलीस नव्हते. तो माणूस आणि त्याची बायको आणि मी.

‘हाव भाऊ,’ मी म्हटलं.

बायको त्यांना म्हणाली, ‘आता तं पटलं ना तुमाले?’ त्यांनी मान हलवली आणि मोबाइल बंद करता येईना म्हणून तिच्या हातात दिला.

भाऊंनी उलटं ऐकलं नव्हतं. त्यांच्या डोक्याला काही झालेलं नाही. त्यांना जे आठवतं, तेच मी बोलले होते.