पोच

गल्लीत त्यांना सगळे डाखकाका म्हणत. तुटलेल्या तारेला वितळल्या धातूचा डाख द्यावा तो त्यांनीच, आणि जोडलेलं माणूस बोलून तोडावं तेही त्यांनीच. "ह्यांच्या हातात कसब आहे, पण पोच म्हणून नाही," काकू येणाऱ्याजाणाऱ्याला हसत सांगायच्या.

पुढे काकूंचं हृदय दुबळं झालं, आवाज खोल गेला. त्या वरच्या खोलीत आणि काका खाली दुरुस्तीच्या दुकानात. हाक जिन्यापर्यंतही जाईना. विरंगुळ्याला काकूंच्या हातात तळहाताएवढं एक खेळणं असायचं, पडद्यावर ठोकळे रचायचं. कुणा हौशी मंडळींनी त्याचा आराखडा सगळ्यांना खुला ठेवला होता. हवं त्याने उघडावं, हवं ते जोडावं. काकांना एवढं आमंत्रण पुरे होतं. त्यांनी आत नखाएवढी बिनतारी चकती बसवली आणि बाजूला लाल बटण. बटण दाबलं की दुकानात घंटी वाजायची. हाक पोचल्याची खालच्या घंटीकडून 'पोच' येईपर्यंत खेळणं पुन्हापुन्हा हाक मारत राहायचं.

"म्हणजे तुमच्यापेक्षा ह्यालाच पोच जास्त," काकू म्हणाल्या.

चकती त्यांनी मुद्दाम कमी ताकदीची घेतली होती. काकू ते चार्जिंगला लावायला हमखास विसरायच्या.

"जरा जोरात ओरडू द्या की त्याला."

"अगं, ओरडणाऱ्याचा दम लवकर संपतो. हळू बोललं की बॅटरी पुरते."

टेबलावर, उशीवर, खिडकीत, सगळीकडे ठेवून काकांनी तपासलं. घंटी दर वेळी खणखणली. मग काकू चष्म्यासाठी, पाण्यासाठी, कधी उगीचच बटण दाबायच्या.

"आता काय?"

"काही नाही. आहात का ते बघितलं."

काका करवादत, पण जिना चढत.

एका दुपारी घंटी वाजलीच नाही. डोळा लागला असेल, बरं झालं, असं म्हणून काकांनी अडलेलं काम उरकलं. लेक डबा घेऊन आली ती सरळ वर गेली, आणि तिचा हंबरडा ऐकून काका धावले. काकू गेल्या होत्या. खेळणं मुठीत होतं, छातीशी घट्ट धरलेलं. लेकीने एकेक बोट सोडवून ते उशाशी ठेवलं. त्याबरोबर खाली रिकाम्या दुकानात घंटी वाजली, आणि पडद्यावर अक्षरं उमटली: पोच मिळाली.

लेकीला काही उमगेना, काकांना मात्र सगळं कळलं. अशी दुबळी लहर माणसाच्या हातात, छातीत जिरून जाते. टेबलावर ठेवून पाहिलं, उशीवर ठेवून पाहिलं, पण घाबरलेलं माणूस वस्तू ठेवत नाही, धरतं. तिने जितकं घट्ट धरलं, तितकी तिची हाक आतल्या आत राहिली.

"खरंच पोच नव्हती गं मला," ते एवढंच म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले.

आता त्यांनी अँटेना मुठीबाहेर, वरच्या टोकाला नेला आहे आणि बदललेला आराखडा सगळ्यांना खुला केला आहे. कुणाच्या आईसाठी, कुणाच्या सासऱ्यासाठी माणसं खेळणी बनवून नेतात. प्रत्येक खेळणं काका आधी वर नेतात. काकूंच्या जागी आडवे होतात, ते छातीशी घट्ट धरतात आणि बटण दाबतात.

खाली घंटी वाजते. जिना चढून वर कुणी येत नाही.