पांढरा साका

सोमशेखर सरांना आमच्या कॉलेजात सगळे ‘क्लोराइड सर’ म्हणायचे, मीसुद्धा. मी गणित शिकवते. एका क्षारावर माणूस एवढा जीव कसा टाकतो, हे मला कधी कळलं नाही. जुळे सोलापुरातून स्कूटरवर यायचे, डबा खायचे आणि तडक प्रयोगशाळेत. क्षार पाण्यात विरघळवायचा, नायट्रिक आम्ल घालायचं, मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. दह्यासारखा पांढरा साका आला आणि अमोनियात विरघळला, की क्लोराइड. हे दाखवताना ते दरवर्षी नव्यानं खूश व्हायचे. त्यांची कीव यायची आणि हेवाही वाटायचा.

कारण बारावीच्या प्रात्यक्षिकाला कुणाला कोणता क्षार येणार, ते पोरांना आदल्या दिवशीच कळतं. सगळीकडचाच रिवाज आहे म्हणे. पोरं नळी नुसती हलवतात आणि पाठ केलेलं उत्तर उतरवतात. सरांना हे ठाऊक होतं. ते कुढायचे, पण गप्प बसायचे.

यंदा होटगीच्या रेश्माला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिचे वडील रेल्वेत गँगमन, मैत्रिणी थोड्या. तिनं खरोखर प्रयोग केला. साका आला, अमोनियात विरघळला. तिनं क्लोराइड लिहिलं आणि पुढच्या चाचण्या केल्याच नाहीत. क्षार होता नायट्रेटचा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी लाल रेघ मारली. सरांनी तिच्या नळीत पुन्हा आम्ल घातलं, तसा विरघळलेला साका परत आला; नळी उजेडाकडे धरून त्यांनी पाहिली. साका खरा होता.

सगळे जेवायला गेल्यावर सरांनी तिच्या टेबलावरच्या बाटलीतलं नुसतंच पाणी नळीत घेतलं आणि तीच चाचणी केली. पांढरंफटक! प्रयोगाचं ऊर्ध्वपातित, शुद्ध पाणी सकाळीच संपलं होतं आणि घाईत कुणीतरी बाटल्या बोअरच्या पाण्यानं भरल्या होत्या. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती खारं, ते काय सांगायचं!

सर परीक्षकांकडे धावले. प्राचार्यही तिथंच होते आणि मी सह्या करत बसले होते.

“पाणी खराब असतं तर बाकी सगळ्यांची उत्तरं बरोबर कशी आली?” परीक्षकांनी विचारलं.

सरांनी तोंड उघडलं आणि प्राचार्यांकडे पाहिलं. खरं सांगावं तर अख्खी परीक्षा रद्द, सगळ्या वर्गाचं वर्ष धोक्यात. प्राचार्य शांतपणे चहा पीत होते. असा संताप आला मला! सरांनी खाली मान घालून अंतर्गत परीक्षक म्हणून सही केली.

संध्याकाळी रेश्मा फाटकाशी रिक्षाची वाट बघत उभी होती. सर जवळजवळ पळतच गेले, मी मागून.

“रेश्मा, तुझं निरीक्षण बरोबर होतं गं. पाणीच खारं होतं. त्यात क्लोराइड होतं, तेच तुला दिसलं.”

तिचा चेहरा क्षणभर फुलला. “व्हय सर? मग मार्क वाढत्याल की माजे?”

सर म्हणाले, “नाही.”

“आन् बाकीच्यांचं?”

“त्यांचे आहेत तसेच राहतील.”

रिक्षा आली. ती चढली, ओढणी सावरली आणि सरांकडे न बघता म्हणाली, “मग मला कशाला सांगितलं, सर? माजंच चुकलं आसं वाटत हुतं, त्येच बरं हुतं.”