निकालाआधी लागलेला फ्लेक्स

आमच्या दिगोयइतका घाबरट माणूस अख्ख्या आंतिके प्रांतात सापडायचा नाही, हे मी त्याच्या तोंडावर सांगत आलेय. कुत्र्याला भितो, विजेला भितो. डॉक्टरला तर इतका भितो की दुखरी दाढ तोंडात धरून त्याने एक अख्खी निवडणूक काढली. आणि धंदा मात्र निवडला गावभर डंका पिटायचा! बाजाराच्या टोकाला त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे आणि त्याला लागून माझी खानावळ. मधे नुसती प्लायवूडची भिंत. त्याचं मशीन घरघरलं की माझ्या बशा नाचतात, आणि माझे सुके मासे तळले की त्याच्या गिऱ्हाइकांना भूक लागते.

आधी तो हाताने अक्षरं रंगवायचा. जीपनी गाड्यांच्या कपाळावर संतांची नावं, न्हाव्याच्या दुकानाची पाटी, कुणाच्या थडग्यावरच्या तारखा. हात इतका सरळ की पट्टी लागायची नाही. मग मशीन आलं, तेही बायकोच्या पैशाने. बायको रोसेंदा हाँगकाँगला एका मॅडमच्या घरी कामाला. जोव्हेलिन, त्यांची एकुलती एक पोर, पहिलीत असताना ती गेली, आणि आता जोव्हेलिन बारावी झाली. दोन वर्षांचा करार संपला की पुढच्या दोन वर्षांचा. मधे दोन आठवडे घरी यायची, येताना चॉकलेटं आणि बामाच्या बाटल्या आणायची, आणि पोरीला तिची सवय होते न होते तोवर परत जायची.

आमच्याकडे कुणी काही पास झालं की फ्लेक्स लागतो. मुलाचा फोटो, 'हार्दिक अभिनंदन', आणि कोपऱ्यात मुलापेक्षा मोठं तोंड करून शुभेच्छुक पुढारी. शाळेत यादी आली की मास्तर ती आधी दिगोयकडे धाडतात आणि मग बाकीच्यांना कळतं. त्यामुळे फ्लेक्स लागला म्हणजे निकाल लागला, यात गावाला शंका नसते. पुढे त्याच फ्लेक्सचं छप्पर होतं. माझी खानावळ गेली तीन वर्षं एका पडलेल्या उमेदवाराच्या हसऱ्या तोंडाखाली चाललीय.

दिगोयचा एक नियम होता. यादी डोळ्यांनी बघितल्याशिवाय पास झाल्याचा फ्लेक्स छापायचा नाही, मग गिऱ्हाईक कितीही आदळआपट करो. आधीच साजरं केलं की होणारं काम मधेच तुटतं, हे आमच्याकडे पोरंसोरंसुद्धा मानतात. दिगोय तर मानणारच.

यंदा जोव्हेलिन सरकारच्या विज्ञान शिष्यवृत्तीला बसली होती. ती मिळाली की फी, पुस्तकं, इलोइलो शहरात राहण्याचा खर्च, सगळं सरकारचं. पोरीला घरात लाडाने इंदाय म्हणतात. रोसेंदाने फोनवर सांगूनच टाकलं होतं, "इंदायला शिष्यवृत्ती मिळाली तर मी येते कायमची. नाही मिळाली तर अजून दोन वर्षं." तिच्या मॅडमला रविवारपर्यंत उत्तर हवं होतं, आणि निकाल मात्र आज-उद्या, आज-उद्या करत अडून बसला होता. पोरीचं खाणं सुटलं. आईला ती नानाय म्हणते, बापाला ताताय, आणि मला तिया, म्हणजे मावशी. माझ्याकडे भात घ्यायला आली की विचारायची, "तिया उर्साय, माझं नाव नसलं तर नानाय माझ्यावर चिडेल का हो?" मी म्हणायची, "भात घे आणि चालू लाग." काय सांगणार पोरीला? आई घरी येणार की नाही हे तिच्या एका पेपरवर ठेवलेलं, आणि ती सतरा वर्षांची.

शुक्रवारी कपिताना लुर्देस दिगोयच्या दुकानात घुसली. ही आमच्या वाडीची मुखिया. निवडणूक तोंडावर आलेली, त्यामुळे ती बारशालाही हजर आणि मयतीलाही. प्लायवूडमधून सगळं ऐकू येत होतं.

"दिगोय, पोरीचा फ्लेक्स छाप. मोठा. माझा निळ्या ड्रेसमधला फोटो टाक, त्यात मी बारीक दिसते."

"कपिताना, निकाल कुठे लागलाय?"

"लागेल की! लागल्यावर छापत बसलास तर मेयरची माणसं आधी लावतील. माझ्या वाडीतली पोर, आणि अभिनंदन त्याचं?"

"यादी नाही बघितली तर मी छापत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"बरं, मग असं सांग ना की तुझ्याच पोरीवर तुझा भरवसा नाही. जोव्हेलिनला सांगू का मी तसं?"

पोरीचं नाव निघालं. तिथेच तो फसला. "लावणार नाही हं मी," कपिताना म्हणाली, "नुसता घरात गुंडाळून ठेवते." थोड्या वेळाने मशीन सुरू झालं. मी डोकावले, तर फ्लेक्स इंच इंच बाहेर येत होता, आणि पोरीचं कपाळ, डोळे, मग हसू दिसायला लागलं तसा हा त्याच्याकडे बघत उभा. तोंडावर असा काही आनंद होता की मला रागवायलाही जमलं नाही.

शनिवारी सकाळी फ्लेक्स बास्केटबॉलच्या मैदानावर झळकत होता. कपिताना आणि धीर, यांची कधी भेट झालेली नाही. जोव्हेलिन मला मासे आणून द्यायला किनाऱ्यावर गेली होती. येताना तिने तो बघितला. वाटेत लोक हात धरून अभिनंदन करत होते. तिला वाटलं, यादी आली, तातायने बघितली, आणि मला चकित करायला असं लावलं. माशांची टोपली तिने मैदानातच टाकली आणि तिथूनच आईला फोन लावून फ्लेक्सचं सांगितलं. मग धावत दुकानात आली.

"ताताय! नानायला सांगितलं मी! रडली ती, मॅडमच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडली! म्हणाली, तातायला फोन करायला सांग. करा ना!"

"करतो, इंदाय. करतो हं," दिगोय म्हणाला. पोरीने त्याला मिठी मारली आणि ती मैत्रिणींकडे पळाली. हा माझ्याकडे आला तो भिंतीसारखा पांढरा पडून.

"नांग उर्साय, ताई गं, यादी आलेली नाही."

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा माझ्या हातातली पळी तशीच राहिली. "अरे मेल्या, मग आत्ताच्या आत्ता बायकोला फोन कर! तिने मॅडमला नाही म्हणून सांगितलं आणि पोरीचं नाव आलं नाही, तर करशील काय?"

"निकाल लागला नाही असं सांगितलं, तर ती उद्या सही करेल."

"आणि नाही सांगितलं तर?"

तो शर्टाची बटणं चाचपत बसला. शेवटी खाली बघत म्हणाला, "नाही सांगितलं तर ती येईल." म्हणजे नुसती भीती नव्हती ती. बायको घरी यावी म्हणून पोरीच्या तोंडून गेलेलं खोटं त्याला तसंच राहू द्यायचं होतं. वर त्याने मला सांतो निन्योच्या, म्हणजे बाळ येशूच्या, मूर्तीवर हात ठेवायला लावला, कुणाला बोलणार नाही म्हणून. मी ठेवला. बारा वर्षं एकटा जेवणारा माणूस समोर असला की शहाणपणा सांगायला जीभ वळत नाही.

त्या संध्याकाळी कपितानाने मैदानावर पान्सितचं जेवण घातलं. सगळी वाडी शेवया खात होती आणि दिगोयच्या पाठीवर थापा मारत होती. "काय रे, आता बायको येणार म्हणजे तुझं दारू पिणं बंद!" "आता तरी दाढ काढून घे!" तो हसत होता, पण शेवया ताटलीत गोल गोल फिरवत होता. जोव्हेलिन आईची खोली झाडायची, पडदे बदलायचे, असं काय काय बोलत होती. तिच्या प्रत्येक शब्दासरशी हा आणखी आक्रसत होता. मी कपितानाला बाजूला घेतलं तर म्हणते कशी, "निकाल नुसता उपचार आहे हो, नांग उर्साय. हुशार आहे पोर." भीती तिला नव्हतीच. तिचं कुठे कोण परदेशात होतं!

रविवार हा रोसेंदाच्या सुट्टीचा दिवस. एरवी त्या दिवशी दिगोय आंघोळ करून, केस चापून फोनसमोर बसतो. त्या दिवशी फोन वाजला आणि तो उचलेना. वाजून थांबला, पुन्हा वाजला. भिंतीपलीकडे मला प्रत्येक रिंग ऐकू येत होती. मी दारात जाऊन बघितलं, तर त्याने फोन फ्लेक्सच्या गुंडाळ्याखाली कोंबला होता आणि वर दोन्ही हात दाबून बसला होता, एखादं जनावर पळून जाऊ नये म्हणून दाबावं तसा.

"उचल रे!"

"आवाज ऐकला की तिला कळेल. मला तिच्याशी खोटं बोलता येत नाही."

फोन संध्याकाळपर्यंत वाजत राहिला. मग बंद झाला, आणि ती शांतता मला आवाजापेक्षा वाईट वाटली. जोव्हेलिनला तो म्हणाला, नेटवर्क नाही. तिने ते मानलं, कारण आनंदात माणूस काहीही मानतो.

सोमवारी तो मठातल्या सिस्टरांकडे, पोरीसाठी प्रार्थना करा म्हणून, नवसाची अंडी देऊन आला. माझ्याकडे येऊन पाणी पीत म्हणाला, "तिने सांगितलं असणार ना मॅडमला? येत नाही म्हणून?" मी म्हटलं, असणार. "आणि नाव नसलं तर? तिची नोकरी गेली, पोरीचं कॉलेज गेलं. माझ्या हाताने मी छापलंय ते, नांग." त्याचे ओठ कोरडे पडले होते. मैदानावरून वारा आला की तो फ्लेक्स फडफडायचा, इथपर्यंत ऐकू यायचा, आणि आम्ही दोघं तिकडे मान वळवायचो.

मंगळवारी दुपारी शाळेतले मास्तर सायकलवरून ओरडतच आले. दिगोय मशीनमागे जाऊन बसला, कान दाबून. मास्तरांनी मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला. यादी सरकता सरकत नव्हती. जोव्हेलिन हसत हसत बघत होती, तिच्या लेखी ही यादी दुसऱ्यांसाठी होती. मास्तरांचं बोट थांबलं. नाव होतं. पूर्ण नाव, मधे आईचं माहेरचं आडनाव असतं त्यासकट.

"दिगोय! बाहेर ये, मुडद्या! आहे नाव!" मी किंचाळले.

तो बाहेर आला, नाव बघितलं, जमिनीवर बसला आणि ढसाढसा रडला. मग डोळेही न पुसता गुंडाळ्याखालचा फोन काढून त्याने रोसेंदाला लावला. आम्हा सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"सेंदा! पास झाली! मी स्वतः यादी बघितली! खरंच पास झाली!"

पलीकडे नळ वाहत होता. तो बंद झाल्याचा आवाज आला.

"आज लागला निकाल?" रोसेंदाने विचारलं.

"आज. आत्ता. तू सांगितलंस ना मॅडमला?"

"मी रविवारी सही केली, दिगोय."

जोव्हेलिन हसत होती, ती तशीच राहिली.

"पण इंदायने सांगितलं होतं तुला," दिगोय म्हणाला.

"तिने सांगितलं. तू नाही सांगितलंस. पोर पास झाली असती तर पहिला फोन तुझा आला असता. दिवसभर लावत होते मी. तू उचलला नाहीस, तेव्हा कळलं मला, फ्लेक्स नुसताच लागलाय म्हणून. बारा वर्षं झाली म्हणून काय नवऱ्याला विसरले? कागद मॅडमने एजन्सीत दिलेसुद्धा."

मास्तर टोपी काढून उभे राहिले, मयतीला राहतात तसे. मग रोसेंदाच पोरीशी बोलली, शाबास म्हणाली, कुठला ड्रेस घातलायस फोटोत ते विचारलं. जोव्हेलिनने सांगितलं, "तू पाठवलेला पिवळा."

"दिगोय," रोसेंदा म्हणाली, "तो फ्लेक्स काढू नका हं. मी येईपर्यंत राहू दे. मला बघायचाय."

दिगोयने तोंड पुसलं. खोटं बोलायला जमत नाही त्याला, तेव्हाही जमलं नाही.

"दोन वर्षं नाही टिकत गं तो," तो म्हणाला. "उन्हात सहा महिन्यांत चेहरा उडतो."