निझव्याच्या मळ्यातला केसाळ राक्षस
बकरीच्या कच्च्या दुधाचा वास आला की २०१४ सालची थंडी आठवते. आखातातल्या निझवा शहराजवळच्या मळ्यात मी अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या बकऱ्या सांभाळायचो. एका आठवड्यात चार बकऱ्या फाडलेल्या सापडल्या. "दोन पायांवर चालणारा केसाळ राक्षस मी डोळ्यांनी पाहिला," शेजारच्या मळ्याचा राखणदार सांगत सुटला आणि सगळे घाबरले. मी बाटलीने दूध पाजून वाढवलेलं करडूही गेलं, तेव्हा मात्र पहाटे सळई घेऊन खजुराआड दबा धरून बसलो. कुंपणाखालून दोन कुत्रे आत शिरले, आणि पलीकडून हलक्या शिटीने त्यांना चिथावणारा होता तोच राखणदार. फुकटात कुत्रे पोसायला त्याने राक्षस उभा केला होता. कॉलर धरून मी त्याला अर्बाबकडे ओढत नेलं. "भाई, माफ कर, घरी चार मुली आहेत," तो रडत होता. मी सगळं सांगून टाकलं. त्याच दिवशी त्याची नोकरी गेली. मुलींचं मला आजही वाईट वाटतं, त्याचं नाही.