मी वाचनालयातली शिपाई

माझा पगार ऐकला की लोक विचारतात, "मग तू टिकलीस कशी गं?" खरं कारण सांगू? आठवड्यातून एकदा तरी तिथं असं काही घडतं, की घरी जाऊन ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. सहा वर्षांत इतकं साठलंय, की आता मैत्रिणी भेटल्या की स्वतःच विचारतात, "या आठवड्यात काय?"

आमचं वाचनालय द्वारका चौकापासून चालत दहा मिनिटांवर आहे. खाली पुस्तकं आणि पेपर, वर अभ्यासिका. माणसं दोनच. ग्रंथपाल देवरे मॅडम आणि मी. कागदावर माझं पद शिपाई. झाडणं, पुसणं, पुस्तकं लावणं, गर्दी असली की काउंटरवर बसणं, सगळं त्यातच आलं.

*

मुलाखतीत मॅडमनी एकच प्रश्न विचारला. "वाचायची आवड आहे?"

मी निफाडच्या शाळेत वाचून संपवलेल्या पुस्तकांची यादीच सुरू केली. त्यांनी मध्येच थांबवलं. "मग अवघड आहे. आवड असलेली बाई कपाट पुसायला घेते आणि संध्याकाळी त्याच कप्प्यापाशी सापडते."

नोकरी मिळाली, आणि चौथ्या दिवशी मी तशीच सापडले. हातात फडकं, मांडीवर पुस्तक, फरशीवर बसलेली. मॅडम समोर येऊन उभ्या राहिल्या तेव्हा कळलं. मला वाटलं, गेली नोकरी.

त्या आत गेल्या आणि एक स्टूल घेऊन आल्या. "फरशी गार आहे. यावर बस. आणि पान संपलं की पुढचा कप्पा."

*

पवार काका एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. रोज अकराला येऊन पेपर उघडायचे आणि पाचव्या मिनिटाला त्याच्याआड घोरायला लागायचे. लोकांनी तक्रार केली, म्हणून मी त्यांना हलवून उठवलं. "काका, घरी जाऊन नीट झोपा ना."

ते ओशाळले. "घरी कोणी नसतं गं दिवसा. सगळा जन्म गाडीच्या आवाजात गेला. शांततेत मला झोपच येत नाही."

मी हे मॅडमना सांगितलं. दुसऱ्या दिवशी काकांची जागा कोपऱ्यातल्या पंख्याखाली हलली. तो पंखा इतका खडखड करायचा, की त्याखाली कोणी बसत नसे. त्या आवाजात काकांचं घोरणं पार बुडून गेलं.

पुढं इलेक्ट्रिशियन आला. सगळे पंखे दुरुस्त करत कोपऱ्यात पोचला, तशा मॅडम जागेवरून उठल्या. "तो राहू द्या. तो कामाचा आहे."

*

मखमलाबादच्या हिराबाई मळ्यातली भाजी बाजारात पोचवून घरी जाताना पुस्तक बदलून न्यायच्या. एकदा पाककृतींचं पुस्तक परत आलं, ते पेन्सिलीच्या खुणांनी भरलेलं. 'मीठ जास्त. अर्धा चमचा पुरे.' 'एवढं तेल कशाला?' एका भाजीवर तर सरळ फुली आणि खाली, 'ही करू नये.'

ते आणखी एका घरी जाऊन आलं, तेव्हा मॅडमच्या नजरेला पडलं आणि त्या चिडल्या. मी दोन दुपारी बसून सगळं खोडलं.

पंधरा दिवसांनी, हिराबाईंनंतर ते नेलेल्या बाई तेच पुस्तक चाळत काउंटरवर आल्या. "यात मागे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, ते कुठं गेलं? मी तेच बघून करत होते. घरात पहिल्यांदा सगळे पोटभर जेवले हो."

मॅडमनी पुस्तक त्यांच्या हातातून घेतलं आणि मला म्हणाल्या, "हिराबाईंना फोन लाव. म्हणावं, पुन्हा न्या. आणि पेन्सिल विसरू नका."

*

माझ्या सासूबाई कॉलनीत सांगत, "आमची सून लायब्ररीत मॅडम आहे." मीही कधी खोडून काढलं नाही. त्यांना बरं वाटायचं, आणि खरं तर मलाही.

एका सकाळी त्या शेजारणीला घेऊन थेट वाचनालयातच आल्या. शेजारणीला सभासद व्हायचं होतं. माझ्या हातात झाडू, पदर खोचलेला.

देवरे मॅडमनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा दाराकडे. सासूबाईंविषयी मी त्यांना सांगितलेलं होतं. त्या खुर्चीतून उठल्या, माझ्या हातातला झाडू घेतला आणि म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही यांचं कार्ड करा. इथलं मी बघते."

आणि खरंच झाडायला लागल्या. मी त्यांच्या खुर्चीत बसून कार्ड लिहिलं.

संध्याकाळी सासूबाई भाजी निवडताना म्हणाल्या, "तुमची ती शिपाई बाई फार चांगली आहे गं. नीट वाग तिच्याशी."

*

अभ्यासिकेत खिडकीजवळच्या खुर्चीवर पेठ तालुक्यातल्या खेड्यातली मंगल बसायची. दोन वर्षं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केला. दुसऱ्यांदा यादीत नाव आलं नाही, तेव्हा ती द्वारकेजवळच्या एका साडीच्या दुकानात कामाला लागली. जाताना मला म्हणाली, "ताई, घरी माहीत नाही. बाबांना वाटतं मी इथंच बसते."

दोन महिन्यांनी एका दुपारी तिचे वडील आले. आमच्याकडे कोणी चपला काढत नाही, त्यांनी दाराबाहेर काढल्या. मंगलचं नाव सांगून म्हणाले, "पोर इथं अभ्यासाला बसती ना? तिची खुर्ची कोणती?"

मी म्हणाले, "आत्ताच जेवायला गेलीय." आणि त्यांना वर नेऊन खिडकीजवळची खुर्ची दाखवली. नशिबानं रिकामी होती.

ते टेकले. दोन्ही हात टेबलावर पसरून ठेवले, शेजारच्या मुलांच्या जाडजूड पुस्तकांकडे बघितलं, खिडकीतून बाहेर बघितलं. पाचेक मिनिटं बसले असतील. मग उठून खुर्ची होती तशी आत सरकवली.

खाली आल्यावर त्यांनी पिशवीतून नागलीच्या पापडांचा पुडा काढला आणि माझ्या हातात दिला.

"तिला द्या. पण तुमच्या घरचे म्हणून द्या."

मला काही कळेना. ते चपला घालत बोलत राहिले. "मी आधी दुकानाकडंच गेलो होतो. गावातल्या एकानं सांगितलं होतं मला. रस्त्याच्या पलीकडं उभा राहून बघितलं. गिऱ्हाइकाला साड्या उलगडून दाखवत होती. हसून बोलत होती. मी आलो होतो ते तिला सांगू नका, ताई."

पायरी उतरले, पुन्हा मागे वळले.

"खुर्ची तेवढी राखून ठेवा."